सनफिश ओळखायला आयनॅचरलिस्ट: ॲप चांगलं आहे, पण फोटो पाच हवेत

अमेरिकेत घरामागच्या तळ्यात गळाला गांडूळ लावून टाकलं, की थोड्याच वेळात तळहाताएवढा चपटा मासा वर येतो आणि पाठीचे काटे फुलवून बसतो. तो सनफिश, इथवर शेजारचं शाळकरी पोरही सांगेल. घोडं अडतं ते पुढे: कुठला सनफिश? न्यू जर्सीत सगळ्यांना ‘सनी’ म्हणून मोकळे होतात, जॉर्जियात ‘ब्रिम’ आणि टेक्सासात ‘पर्च’. खऱ्या पर्चशी याचा काहीही संबंध नाही. नेटवर ‘सनफिश’ शोधलं तर आधी समुद्रातला, टेम्पोच्या चाकासारखा दिसणारा मोला येतो, त्याचंही इथे काम नाही. आपला सनफिश म्हणजे लेपोमिस या गटातला, गोड्या पाण्याचा, मूळचा उत्तर अमेरिकेचा. या गटात १३च्या आसपास जाती आहेत. एकाच तळ्यात त्यातल्या तीन-चार सहज नांदतात आणि वर आपापसांत संकरही करतात.

‘हा कुठला मासा?’ असं कुणी विचारलं की हमखास सुचवलं जाणारं साधन म्हणजे आयनॅचरलिस्ट, फोटोवरून जात ओळखायला मदत करणारं ॲप. हे परीक्षण त्याचंच आहे, पण फक्त सनफिशपुरतं. पक्षी, फुलं, फुलपाखरं यांच्या बाबतीत ते कसं आहे, तो वेगळा विषय.

गुण आधीच देऊन टाकतो. मासा लेपोमिस आहे इथवर सांगण्यात पाचपैकी पाच. नेमकी जात ठरवण्यात साडेतीन, तेही फोटो नीट असतील तर. संकर ओळखण्यात दीड, आणि हा दोष ॲपपेक्षा माशांचा जास्त.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून २००८ साली हे सुरू झालं, २०२३पासून ती स्वतंत्र, ना-नफा संस्था आहे. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. फोटो टाकला की यंत्र नावं सुचवतं. त्यानंतर माणसं तो फोटो बघून आपलं मत देतात. दोन-तृतीयांशाहून जास्त मतं एका जातीवर जुळली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. खरी किंमत या दुसऱ्या भागाला आहे. त्यात उत्तर अमेरिकेच्या माशांची खडानखडा माहिती असलेले लोक आहेत आणि ते फुकट उत्तर देतात. याच संस्थेचं ‘सीक’ नावाचं धाकटं ॲप आहे. त्याला खातं लागत नाही, कॅमेरा धरला की नाव सांगतं. मुलांना तळ्याकाठी रमवायला सीक उत्तम. पण सनफिशची जात पक्की करायला नाही, कारण तिथे माणसाचा डोळा नाही.

एका फोटोवर का भागत नाही

मासा हातात, मागे हिरवळ, एका बाजूचा एकच फोटो: बहुतेक जण हेच टाकतात. अशा फोटोत सगळ्यात ठळक असतो तो रंग, आणि सनफिशच्या बाबतीत रंगाइतकं फसवं काही नाही. पाणी ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की विणीचा हंगाम लागतो आणि नर भडक होतात. ब्लूगिल या जातीच्या नराची छाती तांबूस-नारिंगी होते, आणि पुस्तकात रेडब्रेस्ट या दुसऱ्या सनफिशचं चित्र बघितलेला माणूस लगेच ‘रेडब्रेस्ट!’ म्हणून मोकळा होतो. तोच मासा दहा मिनिटं पांढऱ्या बादलीत ठेवा, राखाडी पडतो. घाबरला की अंगावर उभे गडद पट्टे उमटतात, मग त्याचीच वेगळी जात वाटते. गढूळ पाण्यातले मासे फिके, शेवाळी पाण्यातले हिरवट. ब्लूगिलमध्ये तर काही नर असे असतात की ते भडक रंगाचे घरटं राखणारे नर कधी होतच नाहीत. मादीच्या रंगात राहून दुसऱ्याच्या घरट्यात घुसतात. घरट्यावरच्या नराला जिथे ओळखू येत नाही, तिथे फोनकडून काय अपेक्षा करायची?

म्हणून फोटो रंगाचा नाही, बांध्याचा काढायचा. एका माशाचे पाच फोटो, आणि ते एकाच नोंदीत. आयनॅचरलिस्टमध्ये एका नोंदीला अनेक फोटो जोडता येतात, पण पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि ते प्रत्येक फोटोची वेगळी नोंद करतात. मग एकाच माशाला तीन नावं मिळतात आणि दोष ॲपला.

पहिला फोटो पूर्ण बाजूचा, सगळे पर (माशाचे पंख, फिन) पसरलेले, शेजारी मोजपट्टी. दुसरा डोक्याचा जवळून, तोंड मिटलेलं. तिसरा कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला जी काळी पाळी असते तिचा. तिला इथे ‘इअर फ्लॅप’ म्हणतात, आपण कानपाळी म्हणू. चौथा छातीचा पर पुढे डोळ्याकडे दुमडून. पाचवा पाठीच्या पराच्या मागच्या, मऊ भागाचा, आणि त्याच चौकटीत पोटाखालच्या, शेपटीकडच्या पराचे (गुदद्वारामागचा, एकेरी पर) काटेही आले तर सोन्याहून पिवळं.

हे हातात धरून जमत नाही. उन्हात खवले चमकतात, पर मिटतात, मासा उसळतो. त्यासाठी फोटो-टाकी हवी: पारदर्शक, अरुंद, उभी पेटी. अशा टाक्या विकत मिळतात, पण अॅक्रिलिकचे तुकडे आणि मत्स्यालयाचं सिलिकॉन घेऊन घरीही होते. ८ इंच लांब, ६ इंच उंच आणि २ इंच रुंद एवढं माप सहा इंचांपर्यंतच्या माशाला पुरतं. आत एक सुटी काच सरकवता आली पाहिजे. ती हलकेच पुढे सरकवली की मासा समोरच्या भिंतीला समांतर राहतो आणि आपोआप पर उघडतो. दाबायचं नाही, नुसता वळायला जागा ठेवायची नाही. सिलिकॉन साधं घेऊ नका, बुरशीनाशक घातलेलं न्हाणीघराचं सिलिकॉन माशांना घातक असतं. पाणी तळ्यातलंच भरा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टाकी सावलीत, मागे राखाडी कागद, फ्लॅश बंद. हात आधी ओले करा, आणि पकडताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत काटे दाबून धरा, उलटा हात फिरला तर रक्त निघतं. सगळं मिळून दोन मिनिटांत उरकून मासा परत पाण्यात. गळ आठ किंवा दहा नंबरचा, आकडीचं टोक चिमट्याने दाबून टाकलेला असला की तोंड फाटत नाही, आणि तोंडाचा फोटो कामाचा राहतो.

आधी हा सनफिश आहे ना?

पोटाखालच्या पराचे पुढचे काटे मोजा. लेपोमिसमध्ये ते तीन असतात. पाच किंवा जास्त भरले तर हा क्रॅपी, रॉक बास किंवा त्यांच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी आहे.

फ्लोरिडा आणि टेक्सासच्या उबदार भागात आणखी एक घोटाळा होतो, आणि उजनीची चिलापी खाऊन मोठ्या झालेल्यांकडून तो विशेष होतो. तळ्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, असू शकते, आणि लांबून अंगलट सारखी दिसते. नाकपुड्या बघा. सनफिशला डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोन भोकं, चिलापीला एकच. शिवाय चिलापीच्या अंगावरची बाजूची रेघ मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते, सनफिशची सलग जाते. डोक्याचा फोटो जवळून असेल तर ही शंका एका नजरेत मिटते.

आता जाती

तोंडापासून सुरुवात करा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं हाड मागे कुठवर पोचतं, ते बघा. ब्लूगिलचं तोंड इवलंसं, जबडा डोळ्याच्या पुढच्या कडेपाशीच संपतो. ग्रीन सनफिशचा जबडा बाहुलीच्या खाली जातो. तोंडच इतकं मोठं की पहिल्यांदा बघणाऱ्याला बास या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशाचं पिल्लू वाटतं. वॉर्माउथचं त्याहूनही मोठं, आणि त्याच्या लालसर डोळ्यापासून मागे गडद पट्टे फाकतात. शंका असेल तर बोटाचं टोक हलकेच जिभेवरून फिरवा. वॉर्माउथच्या जिभेवर बारीक दातांचा खरखरीत ठिपका लागतो, बाकीच्या सनफिशना तो नसतो. ही खूण फोटोत येत नाही, नोंदीच्या टिपणात लिहावी लागते. अशी एक ओळ लिहिलेली असली, की जाणकारांचं मत चटकन मिळतं.

मग छातीचा पर. ब्लूगिल, रेडइअर आणि पम्पकिनसीड यांचा लांब आणि टोकदार, पुढे दुमडला तर डोळ्याच्या पलीकडे जातो. ग्रीन, वॉर्माउथ, लाँगइअर आणि रेडब्रेस्ट यांचा आखूड, गोलसर, डोळ्यापलीकडे सहसा जात नाही. या एका फोटोने तळं निम्मं होतं, आणि नेमका हाच फोटो कुणी काढत नाही.

उरलेलं काम कानपाळीचं. ब्लूगिलची काठापर्यंत पूर्ण काळी. ना पांढरी किनार, ना लाल ठिपका. सोबत पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी एक काळपट डाग, जणू ओलं बोट टेकवलंय. हा डाग लहान पिलात फिका असतो. रेडइअर आणि पम्पकिनसीड दोघांच्याही पाळीला लाल-नारिंगी कड असते, त्यामुळे या दोघांत सगळ्यात जास्त गल्लत होते. पम्पकिनसीडच्या गालावर निळ्या नागमोडी रेघा असतात आणि पाठीच्या मऊ परावर ठळक ठिपके, रेडइअरच्या गालावर तशा रेघा नसतात आणि पर बऱ्यापैकी कोरा. दोघंही शंखगोगलगायी फोडून खातात. घशात चपट्या दाढा असतात, त्यावरूनच रेडइअरला दक्षिणेत ‘शेलक्रॅकर’ म्हणतात.

इथे राज्यही बघावं. ह्यूस्टनच्या तळ्यातला ‘पम्पकिनसीड’ असा निकाल आला तर फोटो पुन्हा बघा. ती जात तिथली मूळची नाही, बहुधा रेडइअर असेल, नाहीतर लाँगइअर. लाँगइअरच्या लांब, लवचीक पाळीला फिकट किनार असते आणि अंगावर निळ्या-नारिंगीची इतकी उधळण, की मत्स्यालयातला मासा वाटावा. तो ओढ्याचा मासा. तळ्याला ओढ्याचं पाणी येत असेल तरच भेटण्याची शक्यता. उलट न्यू जर्सीत पम्पकिनसीड घरचाच. रेडब्रेस्ट अटलांटिककडच्या नद्यांचा. त्याची पाळी लांबुळकी, अरुंद आणि टोकापर्यंत काळी. ब्लूगिलची लाल छाती बघून फसलात, तर पुन्हा छातीच्या पराकडे या: टोकदार असेल तर तो रेडब्रेस्ट नाही.

कल्ल्यांच्या आतल्या दातऱ्या हीसुद्धा पक्की खूण आहे. ब्लूगिल आणि ग्रीनच्या लांब, बारीक, तर रेडइअर आणि पम्पकिनसीडच्या आखूड, जाड. पण त्यासाठी झाकण उचकटावं लागतं. जो मासा तव्यावर जाणार आहे त्याचंच हे बघा, सोडायच्या माशाचं नको.

संकर: इथे सगळेच गडबडतात

खासगी तळ्यांसाठी मत्स्यबीज विकणाऱ्यांच्या यादीत ‘हायब्रिड ब्लूगिल’ हमखास असतो. हा बहुधा नर ब्लूगिल आणि मादी ग्रीन सनफिश यांचा संकर. पिल्लं बहुतांश नर निघतात, त्यामुळे तळं लवकर गजबजत नाही आणि मासे भराभर वाढतात, म्हणून मागणी. पण हा मासा वांझ नसतो. आपसांत किंवा तळ्यातल्या ब्लूगिल-ग्रीनशी जुळून पुढची पिढी होते, आणि त्या पिढीत कुठली खूण कुणाची, याचा पत्ता लागत नाही.

पहिल्या पिढीचा संकर ओळखायचा तो परस्परविरोधी खुणांवरून. टाकीत समोर मासा आहे असं धरा. पाठीच्या परावर ब्लूगिलचा काळा डाग आहे, पण कानपाळीला ग्रीनसारखी बारीक फिकट किनार आहे. जबडा ब्लूगिलपेक्षा मोठा, ग्रीनपेक्षा लहान, जेमतेम डोळ्याखाली शिरलेला. गालावर पुसट निळ्या रेघा, परांच्या कडा पिवळट. छातीचा पर ना धड टोकदार, ना धड गोल. हे सगळं एकत्र दिसलं की संकर म्हणायला हरकत नाही. यातली एकच खूण दिसली तर मात्र घाई करू नका. ग्रीन सनफिशच्याही पाठीच्या पराच्या मागे डाग असतो, पण त्याच्या पोटाखालच्या परालाही तसाच असू शकतो.

अशा माशाचा फोटो टाकल्यावर यंत्राची सूचना एखाद्या शुद्ध जातीची आली आणि ती तशीच स्वीकारली, की चूक पक्की झाली. नोंद सरळ ‘लेपोमिस’ एवढ्यावर ठेवा, टिपणात संकराची शंका लिहा आणि माणसांना बघू द्या. ब्लूगिल-ग्रीन संकराचं नाव आयनॅचरलिस्टमध्ये हाताने टाइप करून निवडता येतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची भेसळ फोटोवरून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, त्याला डीएनए तपासणी लागते. घरच्या तळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

ॲपमधल्या तीन गोष्टी, ज्या तळेवाल्यांनी बघायलाच हव्यात

सूचना देताना ॲप त्या परिसरात अपेक्षित असलेल्या जातींना पुढे ठेवतं. नदी-सरोवरासाठी हे शहाणपणाचं आहे, पण खासगी तळ्यात गाडीने आणून सोडलेला मासा भूगोल मानत नाही. फ्लोरिडाकडचा कॉपरनोझ ब्लूगिल दक्षिणेतल्या तळ्यांत सर्रास सोडतात, रेडइअर त्याच्या मूळ प्रदेशाच्या बाहेर नेतात. म्हणून परिसराची ही गाळणी एकदा काढून यादी पुन्हा बघा. हे आधीच्या ह्यूस्टनच्या सल्ल्याच्या उलटं वाटेल, आणि आहेच: भूगोल शंका घ्यायला वापरायचा, निकाल द्यायला नाही. तळ्यात काय सोडलं होतं त्याची पावती असेल तर ती आधी काढा.

दुसरं, विकत आणून सोडलेल्या माशाच्या नोंदीवर ‘पाळीव किंवा लावलेला’ ही खूण प्रामाणिकपणे करा. त्यामुळे नोंद रिसर्च ग्रेड होत नाही आणि तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जाऊ शकतं, हा तोटा आहेच. पण खूण न केल्यास नकाशावर एका जातीचा खोटा प्रदेश तयार होतो.

तिसरं, जागा. फोनमधला फोटो घराचा नेमका ठावठिकाणा सोबत नेतो. नोंद करताना जागा ‘अस्पष्ट’ निवडा. मग ०.२ अंशांच्या चौकोनातला कुठलातरी बिंदू लोकांना दिसतो, आणि माशाच्या ओळखीला काही अडत नाही.

कुणी वापरावं

तळ्यात काय आहे याची यादी करणाऱ्याने हे साधन नक्की घ्यावं. महिनाभरात पंचवीस-तीस मासे पाच-पाच फोटोंनी नोंदवले की तळ्याचा हिशेब बऱ्यापैकी हाती येतो. हा हिशेब नुसता हौसेचा नाही. बास आणि ब्लूगिलचं तळं राखायचं असेल तर ग्रीन सनफिश शिरलाय का हे कळायलाच हवं. तो कमी प्राणवायूत आणि गढूळ पाण्यातही तग धरतो, पावसात भरलेल्या ओढ्यातून किंवा आमिषाच्या बादलीतून गुपचूप येतो, बासची अंडी-पिल्लं खातो आणि संकर सुरू करतो. शंखगोगलगायी कमी करायला रेडइअर सोडले असतील तर ते जगलेत का, हेही यातूनच दिसतं.

ज्यांना तळ्याकाठी, तिथल्या तिथे, खात्रीचं उत्तर हवं त्यांच्यासाठी मात्र हे नाही. माणसांचं मत यायला तास लागतील की दिवस, याची हमी नसते. त्यांनी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं माशांचं पान फोनमध्ये साठवून ठेवावं. मिझुरी आणि टेक्सासची पानं नीटस आहेत, फुकट आहेत, आणि तोंड-पर-कानपाळी हा क्रम पाठ असेल तर पुरतात.

दीड इंचांखालच्या बोटुकल्यांवर आयनॅचरलिस्ट वापरण्यात अर्थ नाही. त्या वयात सगळे सनफिश राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचे आणि सारखेच. बीज उतरवून घेताना पिशवीतले दहा-बारा मोठ्यात मोठी पिल्लं फोटो-टाकीत घ्या आणि फक्त जबडा बघा. ब्लूगिल म्हणून आलेल्या पिशवीत डोळ्याखाली पोचणारं तोंड दिसलं, तर पिशवी तळ्यात रिकामी करण्याआधी विक्रेत्याला तिथेच दाखवा.